देवघरातली चकती

संपादकसाहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, की मिस्त्री, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, अगदी पहिल्यापासून लिहा. पहिल्यापासून लिहायचं तर मी कंग्राळीत म्हशी राखत होतो, आणि त्या म्हशींना गिअर नव्हते. तेव्हा ते सोडतो. पुढं बेळगावच्या कॅम्पातल्या वर्कशॉपात हमाल म्हणून शिरलो, फिटर होऊन बाहेर पडलो, खडेबाजारामागच्या बोळात दुकान टाकलं, आणि आता डोळ्यांना नटाचे बारीक आटे दिसेनासे झाले म्हणून पुतण्याच्या हाती किल्ली देऊन घरी बसलो आहे. माझी कारकीर्द एवढ्यात संपली. राहिलेल्या पानांत एका लोखंडी चकतीची हकीकत सांगतो. यंदा मोठमोठ्या लोकांनी मोठमोठ्या वाटण्या केल्या, त्यातलं मला काही कळत नाही. मी एका फटफटीची वाटणी जवळून पाहिली आहे, तेवढ्यापुरतंच माझं ज्ञान.

मी धंद्यात पडलो तेव्हा आमच्या भागात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कॅम्पातला गोरा साहेब विलायतेला परत निघाला, की जाताना कुत्रं, पियानो आणि फटफटी विकून जायचा. कुत्रं दुसरा साहेब घेई, पियानो मिशनच्या शाळेत जाई आणि फटफटी आमच्यातल्या कुणा बड्या माणसाच्या गळ्यात पडे. या बड्या लोकांचा एक नियम होता. चालू फटफटी गावभर मिरवायची आणि बंद पडलेली कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही. फटफटी ढकलत बाजारातून नेणं म्हणजे अब्रू गेली. त्यामुळं माझं निम्मं आयुष्य लोकांच्या परसात गेलं. मागच्या दारानं यायचं, पडवीत गोणपाट पसरायचं, दार लावून घ्यायचं आणि आवाज न करता काम करायचं. छिन्नीवर हातोडा आवाज न करता कसा हाणायचा, हे मात्र एकाही मालकानं सांगितलं नाही. एका वकीलसाहेबांकडं मी गेलो, की वकीलीणबाई शेजारणीला सांगत, पेटीचं कुलूप उघडायला माणूस आलाय. अर्धा दिवस ठोकाठोक ऐकून शेजारीण शेवटी विचारायला आली, की एवढं काय ठेवलंय त्या पेटीत.

घरच्या घरी दुरुस्तीची हौसही लोकांना फार. बेळगुंदीचे एक आप्पा होते. चेन कुरकुरते म्हणून त्यांनी तिला घाण्याचं शेंगतेल पाजलं आणि फटफटी गोठ्यात बांधली. हो, बांधलीच, दावं लावून. वैरणीचा सगळा भुसा त्या तेलावर जाऊन बसला आणि चेनीचं लोणचं झालं. मी कपाळाला हात लावला तर आप्पांना राग आला. म्हणाले, "ताजं तेल हाय मिस्त्री, आमी खातो त्येच घातलंय." मी म्हणालो, आप्पा, तुम्ही पचवता, ती पचवत नाही.

आता चकतीकडं येतो. फटफटीच्या पोटात इंजिन असतं आणि मागं चाक असतं. इंजिनाचा जोर गिअरपेटीतून एका दातेरी चकतीपर्यंत येतो. या पुढच्या चकतीवर चेन बसते, आणि ती चेन मागच्या चाकाची मोठी चकती फिरवते. साहेब लोक तिला स्प्रॉकेट म्हणत, आम्ही पुढची चकती म्हणायचो. तळहाताएवढी वस्तू. पण सगळी गंमत तिच्या दातांत आहे. पुढच्या चकतीला दात कमी असले तर गाडी ओढायला खमकी होते आणि पळायला मंद. दात जास्त असले तर सपाटीला सुसाट पळते आणि चढ दिसला की धापा टाकते. ओढ आणि पळ दोन्ही एकदम मिळत नाही. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आणि आयुष्यभर लोक मला म्हणत आले, की मिस्त्री, काहीतरी करून दोन्ही बसवा.

ही चकती काढणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही. जुन्या विलायती गाड्यांत ती सगळ्यांच्या मागं लपलेली असते. आधी पाय ठेवायचा पायटा काढा, मग बाजूचं झाकण काढा, त्यातलं तेल अंगावर घ्या, मग क्लचच्या ताटल्या एकेक करून उतरवा, तेव्हा कुठं ती दर्शन देते. तिच्यावर एक मोठा नट, आणि नट आपोआप फिरू नये म्हणून त्याखालच्या वायसरची कड वाकवून त्याच्या अंगाला लावलेली. ती कड छिन्नीनं सरळ करायची, गाडी गिअरमध्ये टाकायची, एकानं मागचा ब्रेक दाबून धरायचा आणि मग नट सोडवायचा. इथं चेन चढवलेलीच पाहिजे. घरी काम करणारा मनुष्य हमखास पहिल्यांदा चेन काढतो, आणि मग नटाबरोबर चकतीही गरागरा फिरते आणि तो मनुष्य तिच्याभोवती. आणखी एक खोडी अशी, की या नटाचे आटे उलटे असतात. सगळं जग ज्या बाजूला फिरवून नट सोडवतं, त्या बाजूला हा आवळतो.

त्या नटासाठी माझ्याकडं एक पाना होता. कॅम्पातल्या माझ्या उस्तादांनी लॉरीच्या जुन्या पाट्याचं लोखंड तापवून तो स्वतः घडवला होता आणि मी वर्कशॉप सोडलं त्या दिवशी माझ्या हातात दिला होता. नटावर तो असा बसायचा, की कोपरा म्हणून चुरायचा नाही. पुढं मी दुसरे पाने करवून घेतले, ते सगळे नट खाणारे निघाले. तो पाना म्हणजे माझा उजवा हात होता, असं मी आज सरळ लिहून टाकतो.

निपाणीला तंबाखूच्या व्यापाऱ्याचं एक घर होतं. वडील वारलेले. थोरल्याला सगळे अण्णा म्हणत, धाकट्याला बाबू. आई होती, तिला गाव आक्का म्हणे आणि पोटचे मुलगेही आक्काच म्हणत. अण्णा देवभोळे, वजनदार, आणि वजन म्हणतो ते मी गावातलं म्हणत नाही. बाबू सडपातळ, केसांना तेल, गळ्यात रुमाल. या दोघांनी मिळून कॅम्पातल्या साहेबाची फटफटी घेतली. दोघांत मिळून घेतलेली त्यांच्या आयुष्यातली ती शेवटची वस्तू.

निपाणीची जागाच अशी आहे, की भांडण तिथल्या रस्त्यातच आहे. गावाबाहेर दक्षिणेला निघालात की तवंदीचा घाट उभा. उत्तरेला निघालात की कागलवरून कोल्हापूरपर्यंत सडक लांब पसरलेली. अण्णांची खरेदी घाटापलीकडच्या गावांत. ते स्वतः, मागं तंबाखूच्या नमुन्याची गठडी आणि क्वचित गठडीवर बसलेला दिवाणजी. त्यांना ओढ पाहिजे. बाबूला कोल्हापुरात काय काम असे ते त्यालाच माहीत, पण तिथं सगळ्यांच्या आधी पोचणं फार गरजेचं असे. त्याला पळ पाहिजे. अण्णांनी मला बोलावून लहान चकती बसवून घेतली. आठवड्यानं अण्णा बाजाराला गेले असताना बाबूनं मला गुपचूप बोलावून मोठी बसवून घेतली. मग अण्णांनी पुन्हा लहान. बेळगाव–निपाणी सर्व्हिस मोटारीच्या कंडक्टरला वाटायला लागलं, की माझी सासुरवाडी निपाणीला आहे.

मी दोघांना स्वतंत्रपणे सांगून पाहिलं, की मधल्या मापाची चकती बसवू, दोघांचंही काम भागेल. दोघांनीही ते धुडकावलं. दोघांचं भागणार होतं, हीच त्यांना अडचण होती.

एकदा मी वेळेवर गेलो नाही. तेव्हा बाबूनं ठरवलं, की आपणच घरी चकती बदलायची, त्यात काय आहे. झाकण काढून नटापर्यंत तो पोचला, हे मान्य केलं पाहिजे. पण नट हलेना. तेव्हा आमच्या भागातल्या माणसाला सुचतं तेच त्याला सुचलं. त्यानं तालमीतून पैलवान बोलावला. पैलवानानं दंड थोपटले, पान्याला लांब नळी अडकवली आणि जग ज्या बाजूला फिरवतं त्या बाजूला जोर लावला. नट आणखी आवळला. बाबू म्हणाला, हलला. खरंच हलला होता. मग आणखी एक पैलवान आला. दोघांनी बजरंगबलीचं नाव घेऊन नळी धनुष्यासारखी वाकवली, पण नट सुटला नाही तो नाहीच. मी पोचलो तेव्हा दोघे पैलवान ओट्यावर दूध पीत बसले होते आणि बाबू मला सांगत होता, की विलायतेचं लोखंड हलकं असतं. तो नट सोडवायला मला अण्णांना सीटवर बसवावं लागलं. त्यांच्या वजनानं मागचं चाक जमिनीत रुतलं, आणि दिवाणजीनं ब्रेक दाबला. मी उस्तादांचा पाना लावला आणि उलट्या बाजूला एक झटका दिला. अण्णांना आपण कुणाची चकती बसवायला मदत करतोय ते कळलं नव्हतं, हे एका परीनं बरं झालं.

हे सगळं आक्का ओट्यावरून बघत असत. सुपारी कातरत बसायच्या. बोलायच्या फार थोडं. घरात आवाज चढले की त्या एकच कानडी शब्द टाकायच्या, "साकु." म्हणजे पुरे. त्या एका शब्दावर अण्णा गप्प होत आणि बाबू बाहेर जाई. नवऱ्यामागं त्यांनी वखार चालवली, दोघांची लग्नं केली. आता त्यांना एवढंच हवं होतं, की आपले डोळे मिटेपर्यंत घरात एक चूल राहावी. हे त्या उघड बोलून दाखवायच्या, गड्याला, मोलकरणीला, मलाही.

आणि तेच होण्याची चिन्हं दिसेनात. झालं असं, की अण्णा एक दिवस गठडी बांधून घाटाकडं निघाले. आदल्या दिवशी बाबूनं मोठी चकती बसवून घेतली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अर्ध्या घाटात फटफटीनं मान टाकली. अण्णा उतरले, गठडी उतरवली, आणि उन्हात फटफटी ढकलायला लागले. तेवढ्यात वरून त्यांच्याच वखारीच्या बैलगाड्या आल्या. गाडीवान उतरले, मालकाला बैलगाडीत बसवलं, फटफटीला बैलगाडीच्या मागं दोर लावला आणि ही वरात भर बाजारातून घरापर्यंत आणली. बंद फटफटी गावानं पाहिली, तीही बैलांच्या मागं. त्याच संध्याकाळी अण्णांनी वाटणी मागितली. बाबूही म्हणाला, व्हय, करूनच टाका. फटफटी कुणाची, एवढाच काय तो प्रश्न राहिला होता, कारण बाकीची इस्टेट दोघांनी मनातल्या मनात कधीच वाटून घेतली होती.

हे नवरात्रातलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आक्कांचा निरोप आला, की पूजेसाठी गाडी धुवायची आहे, ये. मी गेलो. दोघे भाऊ वखारीत होते. आक्कांनी मला पडवीत बसवलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री, ह्ये दोघं ज्याच्यापायी भांडत्यात, त्यो जिन्नस दाव मला."

मी झाकण उघडलं, नट सोडवला, चकती काढली आणि पुसून त्यांच्या हातात दिली. पिशवीतून दुसरीही काढून दिली. दोन्ही चकत्या त्यांनी दोन तळहातांवर घेतल्या, अंगठ्यानं दात चाचपले.

"एवढ्याशापायी?" त्या म्हणाल्या. मग दोन्ही चकत्या माझ्यापुढं धरून, "ह्यातली एकबी बसवली न्हाय, तर गाडी जाईल का रं?"

मी म्हणालो, इंजिन धडधडेल, पण गाडी जागची हलणार नाही.

"धडधडू दे की. धडधडण्यानं घर मोडत न्हाय."

मला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. मी गाडी धुतली, झाकण लावलं आणि त्यांच्या आग्रहावरून तिथंच राहिलो. ज्यांना आमच्याकडची खंडेनवमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या पोटाचं हत्यार देवापुढं मांडतात. शेतकऱ्याचा विळा, न्हाव्याचा वस्तरा, दुकानदाराचा तराजू. हळदकुंकू वाहिलं की त्या हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी ज्यानं मांडलं त्यानंच अक्षता टाकून ते हलवायचं, मग वापरायचं. ही रीत मोडायची छाती आमच्या भागात कुणाला नाही. मीही त्या दिवशी दुकान उघडत नसे, मग कलेक्टरची मोटार अडली तरी बेहत्तर.

आक्कांनी पूजा स्वतः मांडली. तराजू, वजनं, तंबाखू कापायचा कोयता, नवऱ्याची काठी. त्यांच्या शेजारी दोन चकत्या आणि मधे तो नट. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, तुझं पण हत्यार पुजायला पाहिजे, पाना आण. मला, खरं सांगतो, भरून आलं. एवढ्या मोठ्या घरच्या देवघरात माझा पाना. मी तो धुऊन, पुसून त्यांच्या हातात दिला. अण्णांनी आरती म्हटली, बाबूनं टाळ वाजवले आणि दोघांनीही त्या चकत्यांना मनोभावे नमस्कार केला. प्रत्येकाची नजर आपापल्या चकतीवर होती.

दसऱ्याच्या सकाळी आक्कांनी अक्षता टाकून एकेक वस्तू उचलायला सुरुवात केली. तराजू उचलला, वजनं उचलली, कोयता उचलला, काठी भिंतीला लावली. चार वस्तू उरल्या. त्यांच्यावर नवीन फूल ठेवलं आणि त्या हात जोडून उठल्या.

"आक्का, चकती राहिली की," बाबू म्हणाला.

"ऱ्हाऊ दे."

"कवापतोर?" अण्णांनी विचारलं.

"माझ्या हातानं मांडलंय, माझ्या हातानं उचलीन. मन हुईल तवा उचलीन."

अण्णा देवभोळे, त्यांनी चकत्यांना पुन्हा हात जोडले. बाबू देवाला फारसा भीत नसे, पण आक्कांना भीत असे. तो म्हणाला, मग वाटणीचं काय. आक्का म्हणाल्या, फटफटीचा निकाल लागल्याबिगर वाटणी न्हाय असं तुमीच म्हणाला न्हवं. फटफटी तर आता देवाच्या ताब्यात हाय. साकु.

मी माझ्या पान्यासाठी घुटमळत उभा होतो. आक्कांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "तुला ह्यातलं कोण ना कोण बोलवील, दुसरी चकती बसव म्हणून. तवा खरं सांगायचं, की पाना न्हाय. खोटं बोलाय लावत न्हाय तुला मी." मी निपाणीहून हात हलवत परत आलो. सर्व्हिस मोटारीत बसल्यावर मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि संकेश्वर येईपर्यंत मला या बाईचा नुसता अभिमान वाटायला लागला.

त्यांनी सांगितलं तसंच झालं. आधी बाबू आला. त्यानं नव्या चकतीसाठी मुंबईला लिहून पाहिलं होतं, तिकडून उत्तर आलं होतं, की या जातीची गाडी आता निघत नाही. तेव्हा लोहाराकडून चकती करवून तूच बसव, असं म्हणाला. मी म्हणालो, पाना नाही. मग अण्णा आले, तेही लपून, टोपी डोळ्यांवर ओढून. त्यांनाही म्हणालो, पाना नाही. दोघांनाही दुसऱ्या पान्यानं काम करणारा दुसरा मिस्त्री सापडला असता. पण पुजलेली चकती डावलून दुसरी बसवली आणि घाटात काही झालं तर, ही भीती अण्णांनी बोलून दाखवली आणि बाबूनं बोलून न दाखवता बाळगली.

अशी वर्षांमागून वर्षं गेली. दर दसऱ्याला आक्का सगळं उचलायच्या आणि त्या चार वस्तू ठेवायच्या. दोघांपैकी कुणीही वेगळा निघेना, कारण वेगळं निघायचं तर फटफटीवरचा हक्क दुसऱ्याला सोडल्यासारखं होणार. मायेनं एकत्र राहिलेली घरं मी पाहिली आहेत, इस्टेटीच्या लोभानं राहिलेलीही पाहिली आहेत. एका नटावाचून एकत्र राहिलेलं घर मी तेवढं एकच पाहिलं. पुढं युद्ध लागलं, पेट्रोल रेशनवर गेलं आणि सगळ्यांच्याच गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा तर बाबू ऐटीत सांगायला लागला, की आमची आम्ही धर्मासाठी उभी केली आहे.

युद्ध चालू असतानाच आक्का गेल्या. चूल एकच होती, एवढं त्यांना हवं होतं ते मिळालं. दिवस झाले आणि लगेच पंच बसले.

पंचांत एक देसाई, एक अडते आणि एक भटजी. मला गाडीतला जाणकार म्हणून बोलावलं होतं. घराच्या मधोमध भिंत घालायची ठरली. देवघर अण्णांच्या बाजूला आलं. गोठा आणि त्यातली फटफटी बाबूच्या बाजूला आली. तेव्हा बाबू म्हणाला, फटफटी माझी तर चकतीही माझी. अण्णा म्हणाले, चकती देवाची, देव माझ्याकडं. देसायांनी मला विचारलं, चकती हा गाडीचा भाग आहे का. मी म्हणालो, गाडीचाच आहे. त्यांनी भटजींना विचारलं, पुजलेली वस्तू उचलता येते का. भटजी म्हणाले, मांडणारानं उचलायची. आणि मांडणारी तर गेली. तिघांनी बराच विचार केला, मग जेवणाची पानं मांडल्याचं कळलं, आणि निकाल लागला, की जिथं जे आहे ते तिथंच राहावं. मी माझ्या पान्याचं विचारलं. अडते म्हणाले, त्यो बी पुजलेलाच न्हवं.

त्यानंतर दर खंडेनवमीला मी निपाणीला जातो. देवाला जातो असं घरी सांगतो, आणि ते खोटंही नाही. आधी बाबूच्या गोठ्यात जायचं. फटफटी पुसून, झेंडूची माळ घालून उभी असते. बाबूचे केस आता पिकले आहेत, पण गळ्यात रुमाल आहे. तो किक मारतो. इंजिन, माझा हात लागलेलं असल्यामुळं, अजून पहिल्या नाही तर दुसऱ्या किकेला धडधडतं. बाबू सीटवर बसतो, गिअर टाकतो, मूठ पिळतो आणि जागच्या जागी कोल्हापूरला जाऊन येतो. भिंतीपलीकडं तो आवाज ऐकून अण्णा जोरानं घंटा वाजवायला लागतात. इकडं मूठ जास्त पिळली जाते, तिकडं घंटा जास्त वाजते. हे थांबलं, की मी पलीकडं जातो. माझ्या पाठोपाठ बाबूही येतो, कारण त्याच्या चकतीला फूल वाहायचं असतं. वर्षातून एवढाच एक दिवस तो भावाचा उंबरा ओलांडतो. आत आल्यावर चकत्यांना गंज चढलाय, तुला पूजा करता येत नाही, असं अण्णांना सुनावतो. अण्णा त्याला सांगतात, तुझ्या इंजिनाचा आवाज फाटलाय. मग दोघे शेजारी बसून प्रसाद खातात आणि आक्कांची एखादी आठवण काढतात. त्यानंतर बाबू रुमाल झटकून निघून जातो.

गेल्या वर्षी बाबू असा निघून गेल्यावर मी मागं थांबलो. अण्णा थकलेले दिसत होते. म्हटलं, अण्णा, आता आपलं सगळ्यांचं वय झालं. मांडणारी देवाघरी गेली, तिच्या वतीनं थोरल्या मुलानं अक्षता टाकल्या तर कोण काय म्हणणार आहे. चकती आणि नट देऊन टाका त्याला, घरीच बसवतो, मोठी किंवा लहान, तुम्ही म्हणाल ती. आणि माझा पाना मला द्या, तेवढा घेऊन मी मरायला मोकळा.

अण्णांनी देवघराकडं पाहिलं. चकतीवर ताजी हळद होती.

"दिली आसती रं मिस्त्री, कवाच दिली आसती," ते म्हणाले. "पण दिल्यावर त्यो ह्या उंबऱ्यावर कशाला यील?"

मी पान्याला फूल वाहिलं, हळद लावली आणि प्रसाद घेऊन मोटारीला निघालो. पाना पुन्हा मागणार नाही.